दुबईत दुकान, दुबईत घर

बर दुबईतल्या मीना बझारात किंवा शेजारच्या करामात हिंडताना परदेशात आहोत याचा विसर पडतो. भाजीवाला हिंदीत भाव सांगतो, कोपऱ्यावर वडापाव मिळतो, शिंप्याच्या दुकानात ब्लाऊजची मापं घेतली जातात. आणि याच वस्त्यांमध्ये भारतीय माणसाला एक खोलीसुद्धा स्वतःच्या नावावर करता येत नाही. दुकान थाटा, भाड्याने राहा, दोन पिढ्या काढा; जागा मालकीची होत नाही. मालकी हवी असेल तर तिथून उठून दुबई मरीना, डाउनटाउन, बिझनेस बे, जुमेरा लेक टॉवर्स, पाम जुमेरा अशा नव्या भागांत जावं लागतं.

हा नियम रीतसर कायद्यात लिहिलेला आहे. दुबईचे आजचे शासक शेख मोहम्मद युवराज असताना, २००२ मध्ये, परकीयांना ठरावीक प्रकल्पांत घरं विकत घेण्याची मुभा मिळाली. २००६ च्या सातव्या क्रमांकाच्या कायद्याने तिला चौकट दिली. स्थावर मालमत्तेचा हक्क अमिराती आणि आखाती सहकार्य परिषदेच्या देशांतल्या नागरिकांचा. इतरांना तो फक्त शासकाने नेमून दिलेल्या भागांत. तिथे पूर्ण मालकी, म्हणजे फ्रीहोल्ड मिळू शकते, किंवा ९९ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा. हे भाग वाढत गेले. जानेवारी २०२५ मध्ये शेख झायेद रोड आणि अल जद्दाफ इथल्या जुन्या मालकांना आपले भूखंड फ्रीहोल्ड करून घेण्याची वाट खुली झाली. तरी नकाशावरची रेघ कायम आहे, आणि फ्लॅट पाहण्याआधी तो रेघेच्या आत आहे का हे पाहायचं असतं.

दुबई आपल्याला जवळची वाटते त्यामागे इतिहास आहे. १९०९ मध्ये तिथे उघडलेलं पहिलं टपाल कार्यालय भारतीय टपाल खात्याचं होतं. मोत्यांचा माल मुंबईच्या बाजारात यायचा. १९६६ पर्यंत तिथल्या बाजारात रुपया चालायचा. १९५९ नंतर तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापायची. त्यामुळे ‘दुबई म्हणजे आपलंच’ ही भावना जुनी आहे. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत भरणाऱ्या दुबईच्या प्रॉपर्टी प्रदर्शनांत हीच भावना विकली जाते. तिथे कंपनी, फ्लॅट आणि व्हिसा एकाच पाकिटात मिळत असल्याची हवा असते. प्रत्यक्षात हे तीन वेगळे व्यवहार आहेत आणि तिन्हींवर दोन देशांचे कायदे चालतात. त्यांतला जाचक कायदा बहुतेक वेळा आपलाच, भारताचा असतो.

आधी धंद्याचं बघू. मसाले-किराण्याच्या ‘अल अदिल’ दुकानांचे धनंजय दातार १९८४ मध्ये वडिलांना दुकानात हातभार लावायला दुबईला गेले. योगायोग असा की त्याच वर्षी संयुक्त अरब अमिरातींचा कंपनी कायदा आला आणि त्यात कंपनीचा ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाकडे असलाच पाहिजे असं ठरलं. पुढची जवळपास चार दशकं धंदा करणाऱ्यांच्या बोलण्यात ‘स्पॉन्सर’ हा शब्द कायम होता. कागदोपत्री ५१ टक्के त्याचे, आतल्या करारात सगळं आपलं, आणि दरवर्षी त्याला ठरलेली रक्कम. संबंध गोड असेपर्यंत सगळं सुरळीत. ते बिघडले की कोर्टात कागदावरचे ५१ टक्के उभे राहायचे.

यातून सुटायची पहिली वाट फ्री झोनची होती. १९८५ मध्ये जबल अली बंदराला लागून पहिला फ्री झोन झाला. तिथे परक्याला शंभर टक्के मालकी मिळाली, पण कुंपणाच्या आत: आयात करा, निर्यात करा, शहरातल्या दुकानदाराला थेट माल विकू नका. मुख्य बाजारपेठेत, तिथल्या भाषेत ‘मेनलँड’वर, ५१ टक्क्यांची अट उठायला जून २०२१ उजाडला. संरक्षण, बँकिंग, दूरसंचार अशी काही क्षेत्रं सोडली तर आता बहुतेक व्यवसाय परदेशी माणूस पूर्ण मालकीने करू शकतो.

म्हणून आज ‘स्पॉन्सर कुठून आणू’ हा प्रश्न उरला नाही. प्रश्न आहे लायसन्सवर काय लिहायचं, हा. दुबईचं लायसन्स नुसतं ‘व्यवसायासाठी’ मिळत नाही, ते एकेका कामासाठी असतं, आणि सरकारी यादीत अशी दोन हजारांहून जास्त कामं आहेत. समजा साताऱ्याच्या एका मसालेवाल्याला तिथे विक्री करायची आहे. एजंटाने त्याला स्वस्तातलं फ्री झोन लायसन्स घेऊन दिलं. सोबत ‘फ्लेक्सी डेस्क’, म्हणजे एका हॉलमधलं सामायिक टेबल. कागद झकास. मग एक सुपरमार्केट माल घ्यायला तयार होतं आणि कळतं की या लायसन्सवर दुबई शहरात थेट पुरवठा करता येत नाही. मेनलँडचा वितरक धरा, नाहीतर २०२५ पासून फ्री झोन कंपन्यांसाठी सुरू झालेली मेनलँड परवान्याची सोय पाहा. खाण्याचा पदार्थ म्हणून महापालिकेची मंजुरी आणि लेबलवर अरबी मजकूर हे वेगळंच. स्वस्त लायसन्स महाग पडतं ते असं. आधी गिऱ्हाईक कोण आणि कुठे बसलंय ते ठरवावं, मग लायसन्स.

लायसन्स मिळाल्यावर अडतं ते बँकेत. कंपनी काही दिवसांत उभी राहते, पण खातं उघडायला आठवडे जातात. बँक भारतातली खाती, विवरणपत्रं, आधीच्या धंद्याची बिलं, होऊ घातलेले करार सगळं मागते, आणि टेबलापलीकडे ऑफिस नसलेल्या नव्या कंपनीकडे संशयाने बघते. लायसन्स विकणारे याबद्दल फारसं बोलत नाहीत.

‘करमुक्त दुबई’ हेही आता अर्धसत्य आहे. १ जानेवारी २०१८ पासून तिथे ५ टक्के व्हॅट आहे. जून २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांना कंपनी कर लागू आहे: ३ लाख ७५ हजार दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य, त्यापुढे ९ टक्के. फ्री झोनमध्ये शून्य दर मिळतो, पण पात्र ठरणाऱ्या उत्पन्नापुरताच. पगारावर आणि एखाद्या व्यक्तीच्या घरभाड्यावर मात्र तिथे अजूनही कर नाही. या शेवटच्या वाक्यावर प्रदर्शनातली सगळी विक्री चालते, त्याच्याकडे पुढे येतोच.

त्याआधी एक चतुर कल्पना. ‘कंपनी काढतोच आहोत, तर फ्लॅटही कंपनीच्याच नावावर घेऊ. चार घेऊ, दोन विकू.’ ऐकायला बरं वाटतं. पण भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशी कंपनीत घातलेला पैसा २०२२ च्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांखाली येतो, आणि स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री हाच ज्या कंपनीचा धंदा तिच्यात पैसा घालायला हे नियम मनाई करतात. इमारत बांधून विकणं चालतं, नुसती खरेदी-विक्री चालत नाही. मसाल्याच्या कंपनीत भांडवल घालताही येतं, पण पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत अर्ज करून रिझर्व्ह बँकेचा ओळख क्रमांक घ्यायचा आणि पुढे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीच्या कामगिरीचा अहवाल द्यायचा. वैयक्तिक गुंतवणूक असेल तर त्या कंपनीने खाली आणखी उपकंपन्या काढून त्यांवर ताबा ठेवण्यालाही आडकाठी आहे.

फ्लॅट स्वतःच्या नावावर घ्यायला मात्र परवानगी आहे. त्याची वाट म्हणजे एलआरएस, रिझर्व्ह बँकेची लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम. २००४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मर्यादा २५ हजार डॉलर होती; आता ती माणशी दर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. तेव्हा हिशोब सरळ: अडीच लाख डॉलर म्हणजे ९ लाख १८ हजार दिरहम. दहा लाख दिरहमचा साधा फ्लॅटसुद्धा एका माणसाला एका वर्षात पूर्ण पैसे भरून घेता येत नाही! नवरा-बायकोने मिळून पाठवायचं, किंवा थोडे मार्चमध्ये आणि थोडे एप्रिलमध्ये. मुलाच्या किंवा आईच्या मर्यादेतून पैसे पाठवायचे असतील तर त्यांचंही नाव मालक म्हणून करारावर हवं, नुसती मर्यादा उसनी घेता येत नाही.

उसनवारीची गोष्ट निघालीच आहे तर: या कामासाठी भारतातली बँक कर्ज देऊ शकत नाही. इथे राहणाऱ्याने दुबईच्या बँकेचं गृहकर्ज काढणं फेमात, म्हणजे भारताच्या परकीय चलन कायद्यात, बसत नाही. क्रेडिट कार्डावर टोकन स्वाइप करणं हा घर घेण्याचा मार्ग नव्हे, प्रदर्शनातल्या मुलाने मशीन कितीही अदबीने पुढे केलं तरी. मग आपल्याकडच्या जमिनीच्या व्यवहारांत मुरलेला माणूस तिसरी वाट सुचवतो: ‘इथे कॅश द्या, तिथे दिरहम मिळतील.’ ही हवाला आहे. फेमाखाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि तेवढ्या किमतीची भारतातली मालमत्ता जप्त होऊ शकते. शिवाय २०१५ चा काळ्या पैशाचा कायदा उभा आहेच.

सरळ वाटेनेही पैसे जाताना हात पोळतो. अशा कामासाठी वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. दिरहम २४ रुपये धरला तर पूर्ण अडीच लाख डॉलर म्हणजे सुमारे २ कोटी २० लाख रुपये, आणि त्यावर ४२ लाखांचा टीसीएस. हा कर बुडत नाही; विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर ४२ लाख वेगळे तयार ठेवावे लागतात, आणि बिल्डरच्या हप्त्यांच्या तक्त्यात त्यांचा रकाना नसतो.

आता फायद्याकडे. ‘सात टक्के भाडं, तेही करमुक्त. मुंबईत दोन-तीन टक्के मिळतात,’ असं सांगितलं जातं. दहा लाख दिरहमचा आठशे चौरस फुटांचा तयार फ्लॅट धरू आणि हा आकडा पुरता सोलून पाहू. नोंदणी शुल्क ४ टक्के, म्हणजे ४० हजार. दलाली २ टक्के आणि तिच्यावर व्हॅट, २१ हजार. नोंदणी कार्यालयाची फी आणि बिल्डरचं ना-हरकत पत्र धरून आणखी चारएक हजार. घर पडलं १० लाख ६५ हजारांना. वर्षाचं भाडं ७० हजार. त्यातला एक महिना भाडेकरू बदलताना रिकामा गेला असं समजू, उरले ६४ हजार. मेंटेनन्स, तिथे ‘सर्व्हिस चार्ज’, चौरस फुटाला वर्षाला १५ दिरहम धरला तर १२ हजार. घर सांभाळणाऱ्या एजन्सीला ५ टक्के. हातात राहिले साधारण ४९ हजार, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या किंचित वर.

मग येतो भारत. इथला रहिवासी असलेल्या माणसाला जगभरच्या उत्पन्नावर इथे कर आहे. दुबईत या भाड्यावर कर भरलेलाच नसतो, त्यामुळे इथल्या करातून काही वजाही होत नाही. आलेल्या भाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट घेतली आणि माणूस ३० टक्क्यांच्या टप्प्यात असला तर सेससह १४ हजार दिरहम कर. उरले ३५ हजार. सव्वातीन टक्के! मुंबईच्या आकड्याशी तुलना करायची तर ती इथून सुरू करावी. दिरहम डॉलरला बांधलेला असल्याने रुपया घसरला की फायदा होतो, हे खरं. पण तो चलनाचा फायदा आहे. डॉलरमधली कुठलीही गुंतवणूक तो देते, त्यासाठी नळदुरुस्तीचे फोन घ्यावे लागत नाहीत.

या हिशोबात मी एक बिल धरलंच नाही. दुबईतल्या पुष्कळ टॉवरमध्ये एसी घरोघरी नसतो. मोठ्या केंद्रातून थंड पाणी पाइपने येतं. त्याचं बिल वीज-पाण्यापासून वेगळं, आणि त्याचे दोन भाग: एक वापराचा, दुसरा मंजूर क्षमतेचा. दुसरा भाग फ्लॅटला कुलूप असलं तरी भरावा लागतो. घर रिकामं असताना हे कोणी भरायचं आणि ‘चिलर’ भाड्यात धरलाय की नाही, हे विचारल्याशिवाय भाड्याचा आकडा ऐकू नये. इमारतीनिहाय मंजूर सर्व्हिस चार्ज जमीन विभागाकडून पाहायला मिळतो, तो आधी बघावा. आणि घरात भाडेकरू असेल तर तो लगेच निघत नाही: मालकाला स्वतः राहायला किंवा विकायला घर हवं असलं, तरी नोटरीमार्फत किंवा नोंदणीकृत टपालाने बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. भाडंही मनाला येईल तसं वाढवता येत नाही. बाजारभावापेक्षा ते किती कमी आहे त्यावर शून्य ते २० टक्के वाढ ठरते.

प्रदर्शनात तयार घरं फारशी नसतात, असतात ती व्हायची घरं, ‘ऑफ-प्लॅन’. यांची दुबईतली स्मृती कडवट आहे. २००८ पर्यंत नुसती बुकिंगं हातोहात विकली जात होती. जागतिक मंदी आली आणि किमती निम्म्याच्या घरात आल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये सरकारी ‘दुबई वर्ल्ड’ कंपनीने कर्जफेड पुढे ढकलायची मागणी केली, अबू धाबीने दहा अब्ज डॉलर दिले, आणि जानेवारी २०१० मध्ये बुर्ज दुबईचं उद्‌घाटन बुर्ज खलिफा या नावाने झालं, खलिफा हे अबू धाबीच्या तेव्हाच्या शासकांचं नाव. २००२ मध्ये काम सुरू झालेलं पाम जबल अली हे बेट तसंच पडून राहिलं, त्याची नव्याने घोषणा झाली २०२३ मध्ये. पुढे २०१४ ते २०२० किमती पुन्हा उतरत गेल्या. २०२१ नंतरची तेजी पाहून ज्यांना दुबई कायम चढतीच वाटते, त्यांनी ही तारखांची ओळ एकदा वाचावी.

एक गोष्ट मात्र दुबईने आपल्याआधी केली. २००७ च्या कायद्याने बुकिंगचे पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच जायला हवेत असं ठरलं. बांधकाम पुढे सरकेल तसे ते सुटतात, आणि काम पूर्ण झाल्यावरही ५ टक्के रक्कम वर्षभर अडकवून ठेवतात. आपलं महारेरा २०१७ चं. पैसे एस्क्रोतच जायला हवेत, म्हणून चेक किंवा ट्रान्सफर बिल्डरच्या चालू खात्यात मागितली तर तिथेच थांबावं. कायदा उलट बाजूनेही चावतो: खरेदीदाराने हप्ते थकवले तर बिल्डर नोटीस देऊन करार रद्द करू शकतो आणि बांधकाम किती झालंय त्यानुसार कराराच्या किमतीच्या २५ ते ४० टक्के रक्कम ठेवून घेऊ शकतो. टीसीएस विसरलेला माणूस इथेच अडकतो.

राहता राहिला व्हिसा. २० लाख दिरहमची मालमत्ता असेल तर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू शकतो. मुलांच्या शाळेसाठी, धंद्याच्या ये-जासाठी तो कामाचा आहे. पण तो नागरिकत्व नाही, आणि खिशात घालून कोथरूडला राहिल्याने कोणी एनआरआय होत नाही. आयकर दिवस मोजतो, कार्ड पाहत नाही. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर नेहमीच्या १८२ ऐवजी १२० दिवसांची मोजणीही लागू होऊ शकते. आणि रहिवासी आहात तोवर दुबईचा फ्लॅट व तिथलं बँक खातं दरवर्षी विवरणपत्राच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये दाखवावं लागतं, भाडं एक दिरहमही आलं नसलं तरी. ते राहिलं तर दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. २०२४ मध्ये छोट्या परदेशी मालमत्तांना यातून सूट मिळाली, पण ती स्थावर मालमत्तेला नाही.

मालक गेल्यावर काय, हे प्रदर्शनात कोणी विचारत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार बिगर-मुस्लिम माणूस मृत्युपत्र न करता गेला तर निम्मा वाटा जोडीदाराला आणि निम्मा मुलांना समान, मुलगा-मुलगी भेद नाही. वाटणी न्याय्य दिसते. पण हिंदू उत्तराधिकार कायद्यात बायको-मुलांबरोबर आईलाही बरोबरीचा वाटा असतो. दुबईच्या या वाटणीत, मुलं असतील तर, आईला काही नाही. वारस आपल्या देशाचा कायदा लावायची मागणी करू शकतात, पण त्यासाठी कागदांची भाषांतरं, साक्षांकनं आणि कोर्टाच्या तारखा आल्या. सासवडला केलेलं मृत्युपत्र तिथे चालवायचं तर त्याचीही हीच वाट. त्यापेक्षा फ्लॅट घेतल्यावर दुबईतल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र करावं. डीआयएफसी, म्हणजे दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटरच्या मृत्युपत्र केंद्रात २०१५ पासून बिगर-मुस्लिमांची मृत्युपत्रं इंग्रजीत नोंदवली जातात, व्हिडिओ कॉलवरही. फक्त दोन्ही मृत्युपत्रं एकाच वकिलाच्या नजरेखालून गेलेली बरी, कारण नंतर केलेल्या मृत्युपत्रात ‘आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ हे नेहमीचं वाक्य सवयीने येतं आणि सासवडचं घर त्यात उघड्यावर पडतं.